उभ्या पिकातली रांगोळी

आमच्या घरी सिनेमा पाहायचा म्हणजे आधी जनावरांचे उरकावे लागते. धारा काढून, वैरण टाकून, जेवणे होऊन सगळे एका खोलीत बसेपर्यंत रात्रीचे नऊ वाजतात. पंधरा दिवसांमागे असाच योग आला. थोरल्या भावाचा मुलगा कृषी पदविका घेऊन आता ड्रोनने औषधफवारणीचा धंदा करतो. त्याने मोबाईल टीव्हीला जोडला आणि विचारले, "तात्या, विनोदी लावू का? परग्रहावरच्या माणसांचा आहे."

नाव ऐकले आणि मी म्हणालो, "हा मी पाहिलाय. दुष्काळाच्या साली, बारामतीत. पडलेला सिनेमा आहे."

खाटेवर बसून शेंगा फोडत असलेल्या आईने मान वर केली. "कोण पडलं?"

पुतण्याने समजावले, "आज्जी, चालला नाही त्याला पडला म्हणतात." त्यावर ती म्हणाली, "मग उचला की. लावा."

चित्रपटाचे नाव 'जोकर'. जुन्या माणसांना लगेच राज कपूरचा १९७० सालचा 'मेरा नाम जोकर' आठवेल. तोही पहिल्यांदा पडलाच होता, पण पुढे लोकांनी त्याला डोक्यावर घेतले. हा तो नव्हे. हा शिरीष कुंदर यांनी दिग्दर्शित केलेला, अक्षयकुमार आणि सोनाक्षी सिन्हा यांचा हिंदी चित्रपट. आपला श्रेयस तळपदे त्यात नायकाचा भाऊ झाला आहे. ३१ ऑगस्ट २०१२ रोजी तो लागला आणि लागला तसा उतरला. खुद्द नायकच प्रचारापासून लांब राहिला, असे तेव्हाच्या वर्तमानपत्रांतून छापून आले होते. पण ऊस तुटून गेल्यावर खोडवा कधीकधी लागणीपेक्षा बरा निघतो, तसे काही चित्रपटांचेही होते. म्हटले, एवढ्या वर्षांनी खोडवा कसा आहे ते पाहू या.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात सांगतो. अगस्त्य नावाचा आपल्याकडचा शास्त्रज्ञ अमेरिकेत असतो. परग्रहावरच्या जिवांशी बोलता येईल असे यंत्र बनवण्याच्या मागे तो लागलेला. वडील आजारी असल्याचा निरोप येतो म्हणून तो बायकोला घेऊन गावी येतो. गावाचे नाव पगलापूर. नावाप्रमाणेच वेड्यांचे गाव, आणि १९४७ साली देशाचे नकाशे झाले तेव्हा नकाशात यायचे राहून गेलेले. ना वीज, ना पाणी, ना रस्ता. आजूबाजूच्या राज्यांपैकी कुणीच त्याला आपले म्हणत नाही. अर्ज-विनंत्या करून अगस्त्य थकतो आणि मग एक युक्ती काढतो. रातोरात उभ्या पिकात मोठमोठी वर्तुळे पाडायची, म्हणजे परग्रहावरचे यान उतरले असे जगाला वाटेल. तसेच होते. टीव्हीवाले येतात, पुढारी येतात, परदेशी माणसे येतात. गावातलीच माणसे अंगाला फळे-भाज्या बांधून परग्रहवासी होतात. शेवटी बिंग फुटते आणि नेमक्या त्याच वेळी खरा परग्रहवासी हजर होतो. श्रेयस तळपदेचा बब्बन सबंध चित्रपटभर जी कुणाला न कळणारी भाषा बोलतो, ती त्या पाहुण्याला बरोबर कळते.

गोष्ट ऐकायला वाईट नाही. मी तर म्हणेन बी चांगले होते, पेरा चुकला. कुठे चुकला हे मला पहिल्या वेळी नीट सांगता आले नव्हते. फक्त हसू येत नाही एवढेच कळत होते.

पहिल्यांदा पाहिला तो २०१२ चा सप्टेंबर आठवा. इंदापूर तालुक्यात बाजरी गुडघ्याएवढी होऊन जागेवर वाळली होती. बारामतीत नीरा डाव्या कालव्याखालचा बागायती भाग कसाबसा तग धरून होता. पण सुपे-मोरगावकडच्या जिरायती गावांत पाण्याचे हाल चालले होते. बारामतीत टंचाईची बैठक होती. ती लवकर आटोपली, एसटीला अवकाश होता, म्हणून एक सहकारी आणि मी दुपारच्या खेळाला जाऊन बसलो. खरे सांगायचे तर पंख्याखाली दोन तास मिळतील हा हिशेब होता. आत वीस-पंचवीस माणसे असतील. सहकारी पहिल्या गाण्यालाच झोपले.

लोक हसत नव्हते. पडद्यावर माणसे तोंडे वाकडी करत होती, पळत होती, एकमेकांवर आदळत होती आणि थिएटरात पंख्याचा आवाज तेवढा येत होता. मग ती रात्र आली. नायक आणि गावकरी मिळून शेतात वर्तुळे पाडतात ती. सकाळी वरून ते शेत दिसले. सुरेख नक्षी, जणू कुणी दिवाळीची रांगोळी घातली आहे. आणि मागच्या रांगेतून एक म्हातारा आवाज आला, "आरं, उभं पीक तुडवलं की रं ह्येनी!"

सगळे थिएटर हसले. सबंध दुपारीतले खरे हसू तेवढे एकच. ते चित्रपटाने आणले नव्हते, त्या बाबाने आणले होते. त्यांचा चेहरा मला दिसला नाही, पण ते विनोद करत नव्हते एवढे आवाजावरून कळत होते.

या वर्तुळांची खरी हकिकत आपल्या वाचकांना सांगण्यासारखी आहे. दक्षिण इंग्लंडात १९७० च्या दशकाच्या शेवटापासून गव्हाच्या शेतांत अशी वर्तुळे दिसू लागली. उडत्या तबकड्या, भोवरे, पृथ्वीच्या पोटातल्या शक्ती, नाना तर्क झाले. पुस्तके निघाली, माणसे लांबलांबहून पाहायला येऊ लागली. १९९१ साली डग बोवर आणि डेव्ह चोर्ली या दोन वयस्क मित्रांनी एका वर्तमानपत्राला सांगून टाकले की हा उद्योग आम्हीच सुरू केला. साधन काय? एक फळी आणि तिच्या दोन टोकांना बांधलेली दोरी. दोरी हातात धरायची, फळी पायाने दाबत चालायचे, मागे पीक आडवे होत जाते. मधोमध खुंटी समजून फिरले की वर्तुळ तयार. त्यांनी पत्रकारांना करूनही दाखवले. पुढे इतरांनीही हा नाद उचलला आणि काही शेतकऱ्यांनी शेत पाहायला येणाऱ्यांकडून पैसे घ्यायला सुरुवात केली. आपल्याकडे कुणी असे केले तर पहिल्या दिवशी गर्दी होईल आणि दुसऱ्या दिवशी बांधावर भांडण.

शेतीच्या अंगाने पाहिले तर यात गंमत थोडी आणि नुकसान जास्त. गहू दाणे भरायच्या वेळी, चिकात असताना, आडवा झाला की ताटात अन्नरस नीट चढत नाही, दाणा बारीक राहतो, खालच्या कणसांना दमटपणाने बुरशी लागते, मळणीच्या वेळी यंत्रात अर्धा माल येतच नाही. रब्बी ज्वारी हुरड्यात असताना एका रात्रीच्या वाऱ्याने लोळली तर आपल्या घरात दुसऱ्या दिवशी कुणी धड जेवत नाही. ते 'लोळणे' आणि ही 'नक्षी' यात पिकाच्या दृष्टीने काही फरक नाही.

आणि बारामतीच्या बागायतीत तर ही युक्ती चालायचीच नाही. को ८६०३२ चा, म्हणजे आपल्या 'नीरा' वाणाचा, चौदा महिन्यांचा ऊस फळीने आडवा करून दाखवा म्हणावे! अगस्त्य अमेरिकेला परत जाईल. पडलाच ऊस, तर डोळे फुटतील, उंदीर लागतील, तोडणीवाले जादा पैसे मागतील. तेवढ्यात परग्रहवासी उतरलाच, तर त्यालाही आधी शेतकी अधिकाऱ्याकडे नोंद लावावी लागेल.

हा माझा पाणचट विनोद झाला, पण मुद्दा तोच आहे. पगलापूरच्या त्या शेताचा मालक कोण, पीक कुणाचे, त्याच्या घरात त्या रात्री काय बोलणे झाले, हे दोनदा पाहूनही माझ्या ध्यानात राहिलेले नाही. एका तरी गावकऱ्याने "माझं नको, त्याचं तुडवा" म्हटले असते तर मी पोट धरून हसलो असतो. कारण ते खरे आहे. गावात सगळ्यांच्या भल्याचे काम निघाले की सर्वांचा पाठिंबा असतो आणि जमीन मात्र शेजाऱ्याची हवी असते. तिथे विनोद बसलेला होता. चित्रपटवाले त्याला वळसा घालून गेले.

उमेश कुलकर्णी यांचा २००८ सालचा 'वळू' आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिला असेल. देवाला सोडलेला डुरक्या नावाचा वळू, त्याला पकडायला आलेला वनअधिकारी आणि कुसवडे गाव. त्यात एकही माणूस वेडा नाही. तरी सबंध गाव वेड्यासारखे वागते आणि आपण हसत राहतो. का? तर प्रत्येकाचे त्या वळूशी काहीतरी देणेघेणे आहे. कॅमेऱ्यापुढे उभे राहून जो तो आपापली बाजू मांडतो आणि त्या बोलण्यातून गावची सगळी भावकी बाहेर पडते. मकरंद अनासपुऱ्यांचा 'जाऊ तिथं खाऊ' घ्या. विहीर चोरीला गेल्याची तक्रार! आमच्या खात्यातली माणसे तो चित्रपट पाहताना हसतात आणि मध्येच हसायची थांबतात. टीव्हीवाल्यांची खेड्यातली धावपळ पाहायची तर २०१० चा 'पीपली लाइव्ह' आहेच. तो पाहून हसू येते आणि त्या हसण्याची लाजही वाटते.

'जोकर'ची खरी बरोबरी मात्र 'स्वदेस'शी लावली पाहिजे. तो २००४ साली आला आणि त्यातले गाव म्हणजे आपल्या शेजारच्या सातारा जिल्ह्यातले वाईजवळचे मेणवली. त्यातही अमेरिकेतला शास्त्रज्ञ गावी येतो, त्यातही गावात विजेची बोंब. तो नायक ओढ्याच्या पाण्यावर लहानसे वीजघर उभारतो. दिवा लागतो तेव्हा एका म्हातारीच्या चेहऱ्यावर जे दिसते, तेवढ्यासाठी तिकिटाचे पैसे वसूल होतात. तोही पहिल्यांदा फार चालला नव्हता म्हणा. पण त्यातले गाव खोटे वाटत नाही. दोन्ही नायक एकाच देशातून, जवळपास एकाच कामासाठी आले. एकाने पाणी अडवले, दुसऱ्याने पीक तुडवले. पुराणातल्या अगस्तीने अख्खा समुद्र पिऊन टाकला होता. हा अगस्त्य एवढा मोठा शास्त्रज्ञ, पण गावची विहीर किती खोल आहे एवढेसुद्धा विचारत नाही.

दुसऱ्यांदा पाहताना माझ्या बायकोने एक चूक पकडली. माणसांच्या अंगावर भाजीपाला बांधून परग्रहवासी तयार करतात ते दृश्य चालू होते. ती म्हणाली, "पाण्याचं दुर्भिक्ष म्हणतात आणि भाजी एवढी कुठून आणली? मंडईला गेले होते का?" मी पंचवीस-तीस वर्षे शेतकऱ्यांना पीकपाण्याचे हिशेब सांगत आलो, पण हा हिशेब मला थिएटरात सुचला नव्हता.

आता थोडे माझे सांगतो. त्याशिवाय हा चित्रपट मला पुन्हा का टोचला ते कळायचे नाही.

त्याच दुष्काळात, २०१३ च्या उन्हाळ्यात, टंचाईची पाहणी करायला वरून एक पथक येणार होते. वेळ थोडा, गावे अनेक. इंदापूर तालुक्यातल्या एका गावी गाड्या थांबतील असे ठरले आणि दाखवायची शेते निवडण्याचे काम माझ्याकडे आले. रस्त्याला लागून एक डाळिंबाची बाग होती. साफ वाळलेली, फांद्या काळ्या पडलेल्या, बघताच काळजात धस्स व्हावे अशी. ती बाग नुसत्या दुष्काळाने गेली नव्हती. आधीच्या हंगामात तिच्यावर तेल्या पडला होता आणि मालकाने कंटाळून तिचे पाणी तोडून ऊसाच्या बेण्याकडे वळवले होते. हे मला ठाऊक होते. पण दिसायला तिच्याइतकी वाळलेली बाग दुसरी नव्हती आणि गाडीतून उतरून दहा पावलांत पोचता येत होते.

तिथून दोन किलोमीटर आत एका विधवा बाईची चाळीसएक झाडे होती. टँकरच्या पाण्यातून वाचवलेले, भांडी विसळलेले, अंघोळीचे, असे सगळे पाणी घागरीने वाहून तिने ती झाडे जगवली होती. बुंध्यांना उसाचे पाचट आणि जुनी पोती गुंडाळलेली. झाडांवर फळ नव्हते, पण पाने हिरवी होती. पाच मिनिटे उभे राहिले असते तर दुष्काळ म्हणजे काय ते पथकाला त्या चाळीस झाडांत दिसले असते. पण दुरून पाहणाऱ्याला ती बाग बरी दिसली असती. म्हणून मी ती यादीत घेतली नाही.

पथक आले. रस्त्याकडेच्या बागेत फोटो निघाले. गावच्या बायकांनी रस्त्याच्या कडेने रिकामे हंडे मांडून ठेवले होते, लाल-पिवळे-निळे, वळणावळणाने. वरून कुणी पाहिले असते तर त्याला तीही नक्षीच दिसली असती. दहा-पंधरा मिनिटांत गाड्या गेल्या. त्यानंतर टँकरची एक खेप वाढली, हेही सांगितले पाहिजे. म्हणजे नाटकाने काहीच साधले नाही असे म्हणता येत नाही.

दुसऱ्या दिवशी ती बाई पंचायतीच्या कट्ट्याजवळ भेटली. तिला सगळे समजले होते. ती भांडली नाही. एवढेच म्हणाली, "सायेब, माझी झाडं हिरवी राह्यली ह्यात माझं काय चुकलं?"

मी तिच्या बागेसाठी वेगळे टिपण वर पाठवले. त्याचे उत्तर यायच्या आत मृगाचा पाऊस आला आणि विषय मागे पडला. त्या बाईने पुढच्या वर्षी फळ धरले. मला बोलावून दोन डाळिंबे हातात ठेवली. ती मी घरी आणली, पण कुणाला गोष्ट सांगितली नाही. आता लिहितो आहे.

तर थिएटरात बसून मी ज्याला हसत नव्हतो, तेच मी आठ-नऊ महिन्यांनी स्वतः केले. फरक एवढाच की माझ्या मदतीला शेवटी कुणी परग्रहवासी आला नाही. चित्रपट तिथेच सर्वांत जास्त कोसळतो असे मला आता वाटते. खोटे उघडे पडले, सगळे जग पाहते आहे, आता गावाने काय करायचे? इथे खरी गोष्ट सुरू व्हायला हवी. लेखकाला मात्र उत्तर सुचले नाही, म्हणून त्याने आभाळातून खरे यान उतरवले. कालव्याचे आवर्तन चुकले म्हणून कुणी "पडेल पाऊस" म्हणून सोडून द्यावे तसे.

श्रेयस तळपदेचे मात्र कौतुक करायला हवे. एक शब्द कळत नसताना त्याच्या बोलण्याला चढउतार आहेत, राग आहे, लाडीगोडी आहे. आमच्या घरातली पोरे दोन दिवस तसलेच बोलत हिंडत होती. मुलांना चित्रपट आवडला, हेही नोंदवतो. त्यांना पिकाचे दुःख नाही आणि यान मोठे होते.

आभाळाकडे कान लावायचे यंत्र पाहायला खरे तर पगलापूरला किंवा अमेरिकेला जायची गरज नाही. आपल्याच पुणे जिल्ह्यात, जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ खोडदला जगातल्या मोठ्या रेडिओ दुर्बिणींपैकी एक आहे. प्रा. गोविंद स्वरूप यांनी ती उभी केली. एकेक ४५ मीटर व्यासाची, अशा तीस तबकड्या शेतांमधून पसरलेल्या आहेत. जाळीच्या आहेत, म्हणून दुरून हलक्या वाटतात. खाली कांदा, टोमॅटो, द्राक्षे. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास तिथे विज्ञान प्रदर्शन भरते, शाळेची पोरे गाड्या भरभरून येतात. एकदा इंदापूरचे शेतकरी घेऊन त्या भागात अभ्यासदौरा नेला होता. एका तबकडीखाली गाडी थांबवली. मी माझ्या मगदुराप्रमाणे सांगितले की लांबच्या ताऱ्यांकडून आलेल्या रेडिओ लहरी ही टिपते, काही लहरी तर माणूस जन्मायच्या आधी निघालेल्या असतात. सगळे गप्प झाले. मग एकाने विचारले, "एवढी मोठी छत्री, तर च्यानल किती लागत्यात?" त्या एका वाक्यात 'जोकर'च्या पावणेदोन तासांपेक्षा जास्त विनोद होता, आणि विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर कुतूहलही खरे होते.

जमिनीकडे कान लावणारी यंत्रेही आली आहेत. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या साहाय्याने उसात कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग २०२४ पासून शेतकऱ्यांसमोर मांडला. शेतात खांबावर हवामानाची उपकरणे, मातीत ओलावा मोजणारे संवेदक आणि वरून उपग्रहाची छायाचित्रे. पाणी आज द्यायचे की चार दिवसांनी, हे मोबाईलवर येते. पहिल्यांदा पाहिले तेव्हा मलाही ही परग्रहावरचीच गोष्ट वाटली होती. खर्च किती आणि लहान शेतकऱ्याला परवडेल का, हा प्रश्न निराळा आहे. त्यावर एकदा सविस्तर लिहीन. माझा पुतण्या या कामात मन लावून आहे. 'जोकर' पाहताना त्याला हसू आले ते अगस्त्यच्या यंत्राचे. "तात्या, एवढं करून ह्याला सिग्नल येत नाही. आपल्या पळसदेवच्या वरच्या वस्तीसारखंच."

चित्रपट संपला तेव्हा साडेअकरा होत आले होते. मध्ये एकदा वीज गेली होती. पोरे झोपली होती. आई झोपली असेल असे मला वाटले, पण ती जागी होती. तिने विचारले, "त्यांचं गाव नकाशात आलं का न्हाई शेवटाला?"

"आलं."

"मग तलाठी कोण दिला त्यास्नी?"

हे चित्रपटात नव्हते. तसे मी सांगितले.

आईचे माहेर भीमेच्या काठचे. ते गाव नकाशात होते. तलाठी होता, शाळा होती, सोमवारचा बाजार होता. १९६९ साली उजनी धरणाचे काम सुरू झाले, १९८० साली पुरे झाले आणि इंदापूर तालुक्यातल्या भीमाकाठच्या इतर गावांबरोबर आजोळही पाण्याखाली गेले. पाणी चढत आले तेव्हा मी लहान होतो. आजोबांनी घराची दारे-चौकटी काढून बैलगाडीत घातल्या होत्या, एवढे आठवते. त्या पाण्यावर सोलापूरकडे ऊस उभा राहिला. भिगवण-कुंभारगावला थंडीत रोहित पक्षी येतात आणि ते पाहायला पुण्याहून गाड्या येतात. ते सगळे चांगलेच आहे. पण उन्हाळ्यात पाणी फार खाली गेले की पळसदेवचे जुने पळसनाथाचे मंदिर उघडे पडते, आणि त्या वर्षी आई एकदा तरी तिकडे नेऊन आणायला सांगते. तिचे माहेर ते नव्हे, पण तिचे काही उघडे पडत नाही म्हणून ती पळसनाथाला जाते.

नकाशात नसलेल्या गावाची गंमत आमच्या घरात तशी चालायची नव्हतीच. पण ती पूर्ण चित्रपटभर त्यावर काही बोलली नव्हती.

पुतण्याने मोबाईलवर उपग्रहाचा नकाशा काढला. बोटांनी मोठा करत करत उजनीच्या जलाशयावर आणला. सगळी निळी-हिरवी पाणपट्टी, कडेने उसाचे चौकोन. "आज्जी, कुठं व्हतं तुझं गाव?"

तिने चष्मा मागितला. मोबाईल जवळ धरला, लांब धरला. नदी आधी कशी वळायची ते मनात आठवत असावी. मग पाण्याच्या मधोमध बोट टेकवले. बोटाच्या स्पर्शाने नकाशा एकदम सरकला आणि भलतेच काही दिसू लागले, दौंडकडचे. पुतण्याने तो परत जागेवर आणला.

"हितं," ती म्हणाली. "हितं चिंच व्हती. आन् ह्या अंगाला उतार." थोडा वेळ तिने बोट तसेच ठेवले. मग मोबाईल त्याच्या हातात देऊन विचारले, "म्हशीपुढं पेंड टाकली का रं कुणी?"

टाकायची राहिली होती. पुतण्या बॅटरी घेऊन गोठ्याकडे गेला.